जेआयएससीसी आणि डायरेक्ट: काम एकच, घडण वेगळी

अमेरिकेतल्या चक्रीवादळाच्या बातम्यांत नॅशनल गार्डच्या, म्हणजे तिथल्या राज्यांच्या राखीव लष्करी दलाच्या, संपर्कपथकाचा उल्लेख आला की दोन नावं वाचायला मिळतात. एक जेआयएससीसी, म्हणजे जॉइंट इन्सिडेंट साइट कम्युनिकेशन्स केपेबिलिटी. दुसरं डायरेक्ट, डिझास्टर इन्सिडेंट रिस्पॉन्स इमर्जन्सी कम्युनिकेशन्स टर्मिनल या लांबलचक नावाचं हे लघुरूप. दोन्हीकडे डिश, जनरेटर, फोन, इंटरनेट. त्यामुळे डायरेक्ट म्हणजे जेआयएससीसीचीच सुधारित आवृत्ती, असा समज सहज होतो. काम तेच आहे आणि डायरेक्टने जेआयएससीसीची जागा घेतली, हेही खरं. पण यंत्रणा कशाच्या पायावर उभी आहे, ते पाहिलं तर दोन्ही मुळातच वेगळ्या आहेत.

जेआयएससीसीचं मूळ कॅटरिना वादळात आहे. २९ ऑगस्ट २००५ ला ते लुइझियाना-मिसिसिपीच्या किनाऱ्यावर धडकलं आणि ३० लाखांहून जास्त फोनलाइन बंद पडल्या. आणीबाणीचे ९११ चे फोन घेणारी ३८ केंद्रं ठप्प झाली. मदतीला देशभरातून गार्डचे जवान आले, पण त्यांचे बिनतारी संच एका जातीचे, स्थानिक पोलिसांचे दुसऱ्या, अग्निशमन दलाचे आणखी तिसऱ्या. समोरासमोर उभं राहून बोलता येई. रेडिओवरून मात्र नाही. हे दुखणं नवं नव्हतं. ११ सप्टेंबर २००१ ला न्यूयॉर्कमध्येही पोलीस आणि अग्निशमन दलाच्या रेडिओंचा एकमेकांशी मेळ नव्हता.

जेआयएससीसी हे त्यावरचं उत्तर: केवळ आपत्तीसाठी जुळवलेला, वाहून नेता येणारा स्वतंत्र संच. उपग्रहावरून इंटरनेट, फोन, व्हिडिओ बैठका आणि सर्वांत महत्त्वाचं, रेडिओ ब्रिजिंग.

हे ब्रिजिंग नीट समजून घेण्यासारखं आहे, कारण ते डायरेक्टमध्येही आहे. प्रत्येक यंत्रणेचा एकेक रेडिओ एका मधल्या पेटीला जोडतात. पोलिसांच्या रेडिओवर आवाज आला की पेटी तो उचलते, अग्निशमन दलाच्या रेडिओचं बोलण्याचं बटण स्वतःच दाबल्यासारखं करते आणि आवाज तिकडे सोडते. फ्रिक्वेन्सी वेगळ्या असोत की कंपन्या, काही बिघडत नाही. शेवटी आवाज तो आवाज. पण त्याची किंमत मोजावी लागते. पलीकडचा रेडिओ चालू व्हायला क्षणभर लागतो, तेवढ्यात पहिला शब्द गिळला जातो. म्हणून सराईत ऑपरेटर बटण दाबून थोडं थांबतो आणि मग बोलतो. एका बाजूचा रेडिओ कूटबद्ध आणि दुसरीकडचा साधा असेल, तर पूल ओलांडताच बोलणं उघडं पडतं. शिवाय उत्साहाच्या भरात सगळीच चॅनेल एकत्र जोडली, तर कोणालाच धड बोलता येत नाही. कोणाला कोणाशी जोडायचं हा निर्णय माणसाचा, आणि माझ्या मते यंत्रापेक्षा तोच अवघड.

मग जेआयएससीसी बदलायची गरज का पडली? संच वेगळा, म्हणून त्याचे सुटे भाग वेगळे, देखभाल वेगळी, प्रशिक्षणही वेगळं. वादळ नसेल तेव्हा असं सामान पडून राहतं आणि ऐन वेळी हात अडखळतात.

डायरेक्टने उलटी वाट धरली. गार्डच्या सिग्नल तुकड्यांकडे, म्हणजे संपर्काचं काम पाहणाऱ्या तुकड्यांकडे, लष्कराचं विन-टी हे रणांगणावरचं संपर्कजाळं आधीपासून होतं. त्याचा पहिला टप्पा इराक युद्धाच्या अनुभवातून २००४ पासून तुकड्यांच्या हाती पडू लागला होता. तीच डिश, तेच जवान, तोच रोजचा सराव. अडचण एवढीच, की हे जाळं शत्रूला आत शिरता येऊ नये म्हणून बांधलेलं. बाहेरच्या अधिकाऱ्याचा लॅपटॉप त्याला जोडू देणं म्हणजे त्याच्या मूळ हेतूलाच फाटा. डायरेक्ट म्हणजे या लष्करी यंत्रणेला लावलेलं नागरी दार: साधा व्यावसायिक इंटरनेट, फोन, वाय-फाय, ४जी एलटीई आणि रेडिओ ब्रिजिंग. लष्करी कामकाज आपल्या बंद वाटेने चालतं, बाहेरचे लोक या वेगळ्या वाटेने. थोडक्यात, जेआयएससीसी ही आपत्तीसाठी घेतलेली वस्तू होती, डायरेक्ट ही युद्धासाठी घेतलेल्या वस्तूला दिलेली जोड आहे.

भौतिकशास्त्र मात्र दोघांना सारखंच छळतं. भूस्थिर उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटर वर असल्याने आवाजाला वर जाऊन खाली यायला पाव सेकंद लागतो. बोलणाऱ्यांचे शब्द एकमेकांवर आदळतात. उपग्रहसंपर्काच्या केयू या फ्रिक्वेन्सी पट्ट्यातला सिग्नल मुसळधार पावसात क्षीण होतो, आणि वादळात पाऊस असणारच.

या जोडीत फर्स्टनेटचं नावही घुसडलं जातं, ते साफ चुकीचं. २०१२ च्या कायद्याने आलेलं आणि २०१७ पासून एटी अँड टी या दूरसंचार कंपनीकडे कंत्राटाने दिलेलं ते पोलीस-अग्निशमनादी दलांसाठीचं देशव्यापी मोबाइल जाळं आहे, लष्कराचं नव्हे. त्याच्याकडेही फिरत्या टॉवरच्या गाड्या आहेत, गोंधळ बहुधा तिथूनच होतो. मारिया वादळानंतर, सप्टेंबर २०१७ मध्ये, प्वेर्तो रिको या कॅरिबियनमधल्या अमेरिकी बेटावरची सुमारे ९५ टक्के मोबाइल केंद्रं बंद होती. टॉवरच उरले नाहीत, तर सोबत आणलेल्या डिशवरच भिस्त.

डायरेक्टची वाट मला जास्त शहाणपणाची वाटते, पण एक शंका उरते. तुकडी परदेशी मोहिमेवर सामानासकट गेली, तर त्या राज्यात मागे काय राहतं? शेजारी राज्याकडून मदत मागवता येते. १९९६ मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, मान्यता दिलेला आंतरराज्य करार त्यासाठीच आहे. पण डिशचा ट्रेलर रस्त्याने यावा लागतो, आणि वादळानंतर रस्ते कसे असतात ते सांगायला नको.