ड्राय हॉपिंग

ड्राय हॉपिंग : किण्वन चालू असताना किंवा संपल्यावर थंड बिअरमध्ये हॉप (बिअरला कडवटपणा व सुगंध देणारी एका वेलीची फुले) घालण्याची पद्धत. नावातला ‘ड्राय’ फसवा आहे. कोरडे असतात ते फक्त हॉप. उकळीत घातलेल्या हॉपमधील अल्फा आम्लांचे उष्णतेने समघटकीकरण (रेणूची मांडणी बदलणे) होऊन कडवटपणा येतो, पण मिर्सीन, लिनॅलूल ही सुगंधी तेले वाफेबरोबर निघून जातात. १·०५० घनतेच्या २० लिटर वर्टमध्ये (आंबवण्यापूर्वीचा माल्टचा गोड अर्क) १०% अल्फा आम्लाचे २८ ग्रॅम हॉप ६० मिनिटे उकळल्यास टिन्सेथ सूत्रानुसार सुमारे ३२ आयबीयू (कडवटपणाचे एकक) मिळतात; १५ मिनिटांत १६. आच बंद केल्यावर घातलेले हॉप कडवटपणा देत नाहीत, हा समज चुकीचा आहे. वर्ट ८०° से. खाली येईपर्यंत समघटकीकरण चालूच राहते.

बिअरमध्ये जादा हॉप घालण्याच्या पद्धतीचा उगम वादग्रस्त आहे. लंडनच्या बो भागातील बिअर-उत्पादक हॉजसन यांनी मुंबई-कलकत्त्याच्या सागरी प्रवासासाठी जादा हॉपची इंडिया पेल एल ही फिकट बिअर मुद्दाम शोधून काढली, ही कथा सर्वत्र आढळते. मात्र उष्ण प्रदेशांत जाणाऱ्या बिअरमध्ये हॉप वाढवावेत, असा सल्ला इंग्लंडमध्ये १७६० च्या दशकातच दिला जात होता. शिवाय पोर्टर ही काळसर बिअरही हिंदुस्थानात येत होती आणि टिकतही होती. त्यामुळे हॉजसन यांना संशोधकापेक्षा यशस्वी निर्यातदार मानणे अधिक सयुक्तिक ठरते. ‘इंडिया पेल एल’ या नावाचा छापील उल्लेख १८२९ च्या सुमाराचा आहे.

घरगुती प्रमाण साधारणतः लिटरला ४ ते ८ ग्रॅम, तापमान १४–१८° से., मुदत दोन-तीन दिवस. हॉप फार दिवस राहिल्यास गवताळ चव उतरते. पेलेट (हॉप दळून, दाबून केलेल्या गोळ्या) भिजून फुगतात. ते पिशवीत घालून सोडताना पिशवी घट्ट भरली तर मधला गोळा कोरडाच राहतो. पिशवी सैल व उकळून घेतलेली असावी आणि तळाशी बसण्यासाठी तीत स्टीलचे वजन टाकावे. वायू भरलेल्या बिअरमध्ये पेलेट एकदम ओतल्यास फेस उसळून झाकणाबाहेर येतो. झाकण उघडताना हवा शिरली, तर फिकट बिअर लवकरच तपकिरी पडते आणि वास मावळतो.

हॉपमध्ये विकरेही (एन्झाइम) असतात. ती न आंबलेल्या डेक्स्ट्रिनांचे (मोठ्या रेणूंची कर्बोदके) साखरेत रूपांतर करतात व यीस्ट पुन्हा कामाला लागते (ब्राउन व मॉरिस, १८९३). अशा वेळी बिअरला लोण्यासारखा वास येऊ शकतो आणि घाईने भरलेल्या बाटल्या फुटतात. म्हणून घनता सलग तीन दिवस स्थिर राहिल्याखेरीज बाटल्या भरत नाहीत.