चार चाकांची ताकद, चार चाकांचे ब्रेक

हॉलंडच्या स्पायकर कंपनीने १९०३ मध्ये बांधलेल्या शर्यतीच्या गाडीत इंजिनाची ताकद चारही चाकांना जायची आणि ब्रेकचा जोरही चारही चाकांवर यायचा. पुढे या दोन गोष्टींच्या वाटा वेगळ्या झाल्या. चार चाकांचे ब्रेक काही दशकांत सगळ्याच गाड्यांना आले. चार चाकांची ताकद मात्र बराच काळ ट्रक आणि लष्करी वाहनांपुरतीच राहिली. म्हणूनच बर्फावरून निघताना फोर-व्हील ड्राइव्ह सरस ठरते, पण थांबताना ती इतर गाड्यांसारखीच असते.

१९४१ च्या जीपमध्ये ट्रान्सफर केसचा (इंजिनाची ताकद पुढे-मागे वाटणाऱ्या गिअरच्या पेटीचा) दांडा टाकला की पुढचा अॅक्सलही, म्हणजे पुढच्या चाकांचा आसही, कामाला लागायचा. दोन्ही अॅक्सलच्या मध्ये डिफरन्शियल, म्हणजे दोन बाजूंना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची जोडणी, नव्हतं, त्यामुळे कोरड्या डांबरावर वळताना शाफ्ट पिळले जायचे. शिवाय प्रत्येक अॅक्सलचं डिफरन्शियल साधं. पुढचं एक आणि मागचं एक चाक निसरड्यावर आलं की तीच दोन गरागरा फिरायची, उरलेली दोन ढिम्म.

दरम्यान स्वीडनचा रॅलीचालक एरिक कार्लसन ८४१ सीसीची, फक्त पुढची चाकं ओढणारी साब ९६ घेऊन १९६२ आणि १९६३ ची मॉन्टे कार्लो रॅली जिंकला. त्या काळच्या नॉर्डिक चालकांचं खरं हत्यार डावा पाय. उजवा पाय एक्सलरेटरवर तसाच ठेवायचा आणि डाव्याने ब्रेक हलकाच दाबायचा. इंजिन ओढत असल्याने पुढची चाकं जाम होत नाहीत, मागची मंदावतात, वजन नाकावर येतं आणि शेपूट सरकून गाडी वळणात शिरते. फेब्रुवारी १९८१ मध्ये फिनलंडच्या हन्नू मिक्कोलाने चारही चाकांना ताकद देणाऱ्या ऑडी क्वाट्रोवर स्वीडिश रॅली जिंकली आणि रॅलीचं चित्र पालटलं. पण क्वाट्रोचं इंजिन पुढच्या अॅक्सलच्याही पुढे होतं. जड नाक वळणात सरळच जायला बघायचं, तेव्हा तिथेही डावा पायच कामी आला.

ताशी ५० किलोमीटरवरून ब्रेक लावल्यावर कोरड्या डांबरावर गाडी साधारण १२ मीटरमध्ये थांबते, दाबलेल्या बर्फावर ४० आणि गुळगुळीत बर्फावर जवळपास १०० मीटरमध्ये. हा फरक कमी करतो तो टायर. फिनलंडमध्ये खास हिवाळी टायर १९३४ मध्येच बनला होता. आजच्या हिवाळी टायरचं मऊ रबर थंडीतही लवचीक राहतं.

चिखलात टायरच्या खाचा भरल्या की चारही चाकं नुसते गुळगुळीत रोलर होतात. अशा वेळी लो रेंज (ट्रान्सफर केसमधली कमी वेगाची, जास्त जोराची जोडणी), दुसरा गिअर, एकसारखा एक्सलरेटर. चाक जागच्या जागी फिरू लागलं तर पाय लगेच उचलावा, नाहीतर ते स्वतःचाच खड्डा खणतं.

चार चाकांची जोडणी थांबवायलाही मदत करते अशी एकच जागा आहे, ती म्हणजे निसरडा तीव्र उतार. लो रेंजमध्ये पहिला गिअर टाकून क्लच आणि ब्रेक दोन्ही सोडले की इंजिनाचा अवरोध चारही चाकांत वाटला जातो. तरीही चाकं घसरू लागली, तर मन कितीही कचरलं तरी एक्सलरेटर किंचित द्यावा. चाकांचा वेग गाडीच्या वेगाला जुळला की पकड परत येते.