दाबून न दबणारे वायू

एप्रिल २०२१मध्ये कळंबोलीहून अतिथंड द्रव नेणारे खास टँकर रिकामेच रेल्वेने विशाखापट्टणमला गेले आणि द्रवरूप ऑक्सिजन भरून नागपूर, नाशिकला परतले. स्वयंपाकाचा गॅसही द्रवरूपातच येतो, पण त्याला साधं लोखंडी सिलिंडर पुरतं. हलवलं की आत खळखळ ऐकू येते. मग ऑक्सिजनचे एवढे चोचले का? या प्रश्नाने एकोणिसाव्या शतकातल्या भल्याभल्यांना दमवलं होतं.

१८२३मध्ये लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मायकेल फॅरेडे क्लोरीन आणि पाण्यापासून बनलेले स्फटिक बंद काचनळीत तापवत होता. भेटीला आलेल्या डॉ. पॅरिस यांना नळीत तेलकट काहीतरी दिसलं. भांडी नीट धुवत जा, असा टोमणा मारून ते गेले. दुसऱ्या दिवशी फॅरेडेची चिठ्ठी आली: ते तेल म्हणजे द्रवरूप क्लोरीन होता! वायू कोंडला गेला आणि स्वतःच्याच दाबाने द्रव झाला. या उद्योगात नळ्या फुटून फॅरेडेच्या डोळ्यांत काचाही गेल्या.

पुढे एकेक वायू शरण येत गेला. अडून बसले सहा: ऑक्सिजन, नायट्रोजन, हायड्रोजन, कार्बन मोनॉक्साइड, नायट्रिक ऑक्साइड आणि मिथेन. व्हिएन्नात नॅटररने दाब हजारो पट वाढवून पाहिला, तरी ते ढिम्म. मग त्यांना ‘स्थायी वायू’ म्हणून टाकलं. हार मानण्याचा हा भारदस्त मार्गच म्हणायचा.

कोडं सोडवलं बेलफास्टच्या थॉमस अँड्र्यूजने. कार्बन डायऑक्साइड ३१ अंश सेल्सिअसच्या वर असेल, तर कितीही दाबा, द्रवाचा पृष्ठभाग दिसतच नाही, हे त्याने १८६९मध्ये मांडलं. रेणूंची धावपळ त्यांच्या आपसातल्या ओढीला पुरून उरते, मग दाबाचं काही चालत नाही. प्रत्येक वायूची अशी मर्यादा वेगळी. तिला क्रांतिक तापमान म्हणतात. गॅस सिलिंडरमधल्या प्रोपेनचं सुमारे ९७ अंश, म्हणजे विदर्भाच्या उन्हाळ्यातही नुसता दाब पुरतो. ऑक्सिजनचं मात्र उणे ११८. आधी तिथवर थंड करा, मग दाबाच्या गोष्टी.

१८७७च्या डिसेंबरमध्ये फ्रान्सच्या कायतेने ऑक्सिजन प्रचंड दाबाखाली थंड केला आणि दाब झटक्यात सोडला. एकदम प्रसरण पावताना वायूचं तापमान कोसळलं, नळीत क्षणभर धुकं दिसलं. त्याच महिन्यात जिनिव्हाहून पिक्टेचीही तशीच तार आली. पण धुकं म्हणजे काही साठा नव्हे. नळीच्या तळाशी संथ उकळणारा ऑक्सिजन १८८३मध्ये क्राकोव्हच्या व्रुब्लेव्हस्की आणि ओल्शेव्हस्की यांनी दाखवला. तो टिकवायला लागणारी निर्वात दुहेरी भिंतीची बाटली ड्यूअरने १८९२मध्ये केली, आणि १८९५मध्ये लिंडेने हवेचं द्रवीभवन कारखान्याच्या आवाक्यात आणलं.

ड्यूअरने १८९८मध्ये हायड्रोजनही नमवला. उरला हेलियम. तो १० जुलै १९०८ला लायडनमध्ये कॅमरलिंग ऑनेसच्या हाती लागला, उणे २६९ अंशांना. त्याला गोठवायला मात्र त्याच प्रयोगशाळेतल्या केसोमला १९२६मध्ये उलट दाबाचाच आधार घ्यावा लागला: साध्या हवेच्या दाबाखाली हेलियम कितीही थंड करा, घन होत नाही.