पणाला नेमकं काय लागलंय?

एक खुंटी, हातात काही रिंगा आणि खुंटीपासून 1 फुटापासून 15 फुटांपर्यंत आखलेल्या रेषा. कुठल्या रेषेवर उभं राहून रिंग फेकायची हे ज्याचं त्यानं ठरवायचं. जॉन अ‍ॅटकिन्सन आणि जॉर्ज लिट्विन या अमेरिकी संशोधकांनी 1960 साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात कॉलेजातल्या मुलांना हा पोरखेळ खेळायला लावला होता. काहीतरी करून दाखवायची ओढ कोणाला जास्त आणि परीक्षेचा धसका कोणाला जास्त, हे त्यांनी चाचण्या घेऊन तपासलं होतं. ओढ असलेली मुलं बहुतेक वेळा मधल्या रेषांवर उभी राहिली, म्हणजे नेम लागूही शकेल आणि चुकूही शकेल अशा जागी. धसका घेणाऱ्यांनी मात्र ही मधली जागा तुलनेनं कमी वेळा निवडली.

अ‍ॅटकिन्सनचं म्हणणं असं होतं की 1 फुटावरून रिंग हमखास बसते, त्यामुळे नाचक्कीचा प्रश्नच येत नाही. 15 फुटांवरून ती चुकली तरी कोणी नावं ठेवत नाही, कारण तिथून कोणाचीच बसत नाही. मधून चुकली, तर मात्र कमी कोण पडलं हे सगळ्यांना दिसतं.

उद्योग सुरू करू पाहणाऱ्यांमध्ये हे फार स्पष्ट दिसतं. अपयशाला घाबरणारा माणूस स्वस्थच बसतो असं नाही. तो वर्षानुवर्षं बाजाराचा अभ्यास करतो, लोगो बदलतो, वेबसाइटचे रंग बदलतो. ही झाली 1 फुटावरची रेषा. दुसरा एकदम सगळं जग बदलायला निघतो. एवढं अचाट काम फसलं तर दोष त्याचा नाही, कामाच्या आकाराचा! दोघंही टाळतात ती मधली रेषा : अर्धवट तयार झालेली वस्तू घेऊन अनोळखी ग्राहकासमोर बसायचं आणि तिचे पैसे मागायचे. तिथे ‘नाही’ ऐकावं लागलं, तर ते थेट आपल्याला लागतं.

ही भीती किती जणांना असते? ‘ग्लोबल आंत्रप्रेन्युअरशिप मॉनिटर’ हा प्रकल्प 1999 पासून वेगवेगळ्या देशांत उद्योजकतेची पाहणी करतो. आपल्या भागात धंद्याची चांगली संधी आहे असं जे लोक स्वतःच सांगतात, त्यांना विचारलं जातं की अपयशाच्या भीतीमुळे तुम्ही मागे राहाल का? 2024 च्या पाहणीत अशांपैकी जवळपास निम्म्यांनी ‘हो’ म्हटलं. संधी दिसत नाही म्हणून थांबलेली ही माणसं नव्हेत, त्यांना ती दिसते आहे.

या भीतीत अनेक भीती मिसळलेल्या असतात. डेव्हिड कॉनरॉय यांनी 2002 मध्ये तयार केलेल्या प्रश्नावलीत त्या पाच प्रकारे मोजल्या आहेत : शरम वाटण्याची, स्वतःबद्दलचं मत खाली येण्याची, पुढचं सगळं अनिश्चित होण्याची, महत्त्वाच्या माणसांचा आपल्यातला रस संपण्याची आणि त्या माणसांना दुखावण्याची. यात पैशाचा थेट उल्लेख कुठेच नाही. ही यादी एकूणच कामगिरीच्या प्रसंगांसाठी होती. पुढे गॅब्रिएला काचोत्ती आणि सहकाऱ्यांनी ब्रिटन आणि कॅनडातल्या 65 उद्योजकांशी बोलून खास धंद्यातली भीती शोधली. तिथे पैसा आला, कल्पनेच्या ताकदीबद्दलची शंका आली, भांडवल उभं करता येईल का ही धास्ती आली. शिवाय आणखी एक गोष्ट निघाली : हीच भीती काहींना जागच्या जागी खिळवते आणि काहींना रात्रभर कामाला जुंपते. कधी तर एकाच माणसाच्या बाबतीत दोन्ही घडतं. म्हणूनच ‘भीती सोडा’ असा सरसकट सल्ला देणाऱ्या वक्त्यांचं मला नवल वाटतं. कोणती भीती सोडायची, हे त्यांनी विचारलेलंच नसतं.

भीती नाहीशी झाली तर माणूस कसा वागतो, हे एका स्त्रीमुळे आपल्याला थोडंफार माहीत आहे. शास्त्रीय लेखांत तिचा उल्लेख फक्त ‘एस. एम.’ असा येतो. अर्बाख-वीथे नावाच्या दुर्मीळ आनुवंशिक आजारानं तिच्या मेंदूतले दोन्ही अमिग्डाला नष्ट झाले. अमिग्डाला म्हणजे कानांच्या आतल्या बाजूला, खोलवर असलेल्या बदामाएवढ्या दोन गाठी. धोक्याची दखल घेण्याच्या कामात त्यांचा मोठा वाटा असतो. संशोधक तिला साप-कोळी ठेवलेल्या दुकानात घेऊन गेले, तर तिनं साप हातात घेतला आणि कुतूहलानं त्याच्या जिभेला बोट लावलं. एकदा रात्री बागेतून जाताना एका माणसानं तिच्या गळ्याला सुरी लावली होती. त्याच्या तावडीतून सुटल्यावर ती शांतपणे चालत घरी गेली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच बागेतून निघाली.

या स्त्रीला आणि तशीच इजा झालेल्या आणखी एका व्यक्तीला बेनेदेत्तो दे मार्तिनो आणि सहकाऱ्यांनी पैशांचे जुगार देऊ केले. त्याचे निष्कर्ष 2010 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांचं महत्त्व कळण्यासाठी आपण धडधाकट माणसं कशी वागतो ते पाहायला हवं. नाणं उडवून छापा पडला तर 100 मिळणार आणि काटा पडला तर 100 जाणार, असं म्हटलं तर बहुतेक जण नाही म्हणतात. डॅनियल कानेमान आणि एमॉस ट्वर्स्की यांनी 1979 मध्ये हे वागणं सिद्धांतात बसवलं. 1992 मधल्या त्यांच्या अंदाजानुसार तोट्याचं वजन तेवढ्याच नफ्याच्या सुमारे सव्वादोन पट भरतं. अमिग्डाला गमावलेल्या त्या दोघींच्या बाबतीत हा असमतोल दिसलाच नाही. आकडेमोड त्यांना व्यवस्थित जमत होती, जोखीम कमी-जास्त झालेली कळत होती, फक्त तोट्याला जास्तीचं वजन नव्हतं.

यावरून अमिग्डालालाच ‘भीतीचं केंद्र’ ठरवून मोकळं होऊ नये. 2013 मध्ये याच एस. एम.ला 35 टक्के कार्बन डायऑक्साइड असलेली हवा हुंगायला दिली, तेव्हा ती प्रचंड घाबरली, मदतीसाठी हात हलवू लागली. गुदमरल्याची शरीरातून उठणारी भीती वेगळ्या वाटेनं जाते. तोट्याची भीती मात्र बाहेरच्या जगाबद्दल मेंदूनं केलेला एक झटपट अंदाज असते. आणि अंदाज कशाचा करायचा, हे थोडंफार आपल्या हातात असतं.

किती हातात असतं, हे पीटर सोकोल-हेस्नर, एलिझाबेथ फेल्प्स आणि सहकाऱ्यांनी 2009 मध्ये दाखवलं. त्यांनी लोकांसमोर एकामागून एक जुगार ठेवले. एका फेरीत सांगितलं, हा एकच जुगार आहे असं समजून ठरवा. दुसऱ्या फेरीत सांगितलं, तुम्ही व्यापारी आहात, असे अनेक व्यवहार तुम्ही रोज करता, त्यातला हा एक आहे. पैसे तेच, शक्यता त्याच. तरीही व्यापाऱ्याच्या नजरेनं पाहताना तोट्याचं जादा वजन कमी झालं. एवढंच नव्हे, तर तोटा झाल्यावर तळहाताला सुटणारा सूक्ष्म घाम, जो विजेच्या मोजणीतून पकडता येतो, तोही कमी झाला. ‘घाबरू नका’ असं त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. एका डावाऐवजी सगळे डाव मिळून बघायला सांगितलं होतं, इतकंच.

इथे अर्थतज्ज्ञ पॉल सॅम्युएलसन यांचा 1963 मधला एक किस्सा आठवतो. जेवणाच्या टेबलावर त्यांनी एका सहकाऱ्याला पैज देऊ केली : जिंकलास तर 200 डॉलर, हरलास तर 100. सहकारी म्हणाला, एकदा नको, पण अशा शंभर पैजा लावणार असशील तर तयार आहे. सॅम्युएलसन यांना हे तर्काला सोडून वाटलं आणि त्यावर त्यांनी लेखच लिहिला. पण सहकाऱ्याला एक गोष्ट कळत होती. शंभर डावांत एखादा हरला तर त्याचं काही वाटत नाही. एकच डाव असला, की हरणं हाच त्या दिवसाचा निकाल होतो.

उद्योजकाची खरी गोची हीच असते. त्याच्यापाशी बहुधा शंभर डाव नसतात, एकच असतो आणि त्यावर नोकरी, घर, बचत, सासरी-माहेरी असलेली पत असं सगळं एकदम लागलेलं असतं. अशा वेळी पोटात गोळा येणं हा मेंदूचा दोष नाही. अमेरिकेच्या कामगार सांख्यिकी विभागाच्या आकडेवारीत नव्या व्यवसायांपैकी साधारण पाचातला एक पहिल्याच वर्षात बंद होतो आणि पाच वर्षांत जवळपास निम्मे गळतात. बंद पडलेला प्रत्येक धंदा बुडीतच असतो असं नाही. काही जण विकून मोकळे होतात, काहींना दुसरं काही चांगलं सापडतं. तरी भीतीला आधार आहे तो असा. म्हणून ती दाबून टाकण्यापेक्षा ती ज्याकडे बोट दाखवते आहे ते, म्हणजे पणाला काय-काय लागलंय ते, कमी करता येईल का हे बघणं मला जास्त शहाणपणाचं वाटतं.

मुरलेले उद्योजक नेमकं हेच करतात, असं सरस सरस्वती यांच्या संशोधनात दिसलं. त्यांनी 27 अनुभवी संस्थापकांना एका काल्पनिक कंपनीचे प्रश्न सोडवायला दिले आणि सोडवताना मनात येईल ते मोठ्यानं बोलायला सांगितलं. व्यवस्थापनाच्या वर्गात शिकवतात तसं ‘यातून किती मिळेल’ याचं गणित ही मंडळी फारसं मांडत नव्हती. ‘यात किती गेलं तरी मला चालेल’ हा आकडा आधी ठरवून ती कामाला लागत होती. हे दोन प्रश्न वरवर सारखे वाटतात, पण पहिल्याचं उत्तर भविष्याकडे असतं. दुसऱ्याचं उत्तर आज संध्याकाळी बँकेचं पासबुक आणि घरातली माणसं समोर बसवून काढता येतं. इतके महिने, इतके पैसे, घरावर कर्ज नाही, मित्राला जामीन ठेवायचं नाही. ही रेघ ओढली, की धंदा फसण्याचा अर्थच आकसतो.

नोकरीवर लाथ मारून उडी घेणाऱ्यांच्या गोष्टी ऐकायला झकास असतात. पण जोसेफ रॅफी आणि जी फेंग यांनी 2014 मध्ये अमेरिकेतल्या लोकांची अनेक वर्षांची माहिती तपासली, तेव्हा निराळंच दिसलं. आधी नोकरी सांभाळून धंदा करणारे आणि मग पूर्ण वेळ त्यात उतरणारे यांचा धंदा सोडण्याचा संभव एकदम उडी मारणाऱ्यांपेक्षा सुमारे एक तृतीयांशानं कमी होता. संध्याकाळी आणि सुट्टीच्या दिवशी धंदा केला, की मधल्या रेषेवरून बऱ्याच रिंगा फेकून होतात आणि त्यातल्या चुकल्या तरी महिन्याचा पगार शाबूत असतो.

पैसा राहिला बाजूला, पण शरमेचं काय? तिच्याबाबतीत आपला अंदाज वाईट रीतीनं चुकतो. डॅनियल गिल्बर्ट, टिमथी विल्सन आणि सहकाऱ्यांनी 1998 मध्ये विद्यापीठातल्या तरुण प्राध्यापकांना विचारलं, कायम नेमणूक नाकारली गेली तर पुढची काही वर्षं कशी जातील? त्यांना वाटलं, फार वाईट. मग ज्यांना खरोखरच ती नाकारली गेली होती त्यांना गाठलं, तर नेमणूक मिळालेल्यांच्या मानानं ते काही फारसे दुःखी नव्हते. धक्का पचवण्याची आपली यंत्रणा आपल्यालाच आधी दिसत नाही. हे सरसकट लावू नये मात्र. नेमणूक हुकली म्हणून कोणी सावकार दारात येऊन उभा राहत नाही. डोक्यावर कर्ज उरलं असेल तर दुःख आपसूक विरत नाही, आणि म्हणून वरची रेघ आधी ओढायची.

‘अपयश हाच खरा गुरू’ या वाक्यावरही थोडी शंका घेतलेली बरी. लॉरेन एस्क्रिस-विंकलर आणि आयलेट फिशबाख यांनी 2019 मध्ये लोकांना दोन पर्यायांचे प्रश्न दिले. काहींना ‘बरोबर’ असं कळवलं, काहींना ‘चूक’. पर्याय दोनच, त्यामुळे दोन्हींतून खरं उत्तर सारखंच कळतं. तरी ‘चूक’ ऐकलेले पुढच्या वेळी कमी शिकलेले निघाले. मन दुखावतं आणि कान बंद होतात. तेच अपयश दुसऱ्याचं असलं, तर लोक त्यातून नीट शिकत होते. त्यामुळे ग्राहकानं नकार दिल्यावर पहिला प्रश्न ‘माझं काय चुकलं’ असा विचारण्यापेक्षा, हीच फाइल एखाद्या मित्राची असती तर मी त्याला काय सांगितलं असतं, असा विचारून पाहावा. आणि फाइल त्याच संध्याकाळी न उघडता दोन दिवसांनी उघडावी.

सराव केला की भीती मरते, हेही पूर्ण खरं नाही. इव्हान पावलोव्ह यांनी कुत्र्यांवरच्या प्रयोगांत पाहिलं होतं की आधी शिकवलेली (इशारा मिळताच लाळ सुटण्यासारखी) आणि मग विझवलेली प्रतिक्रिया काही काळानं आपोआप परत उठते. जुनी भीती पुसली जात नाही, तिच्यावर नवी शिकवण बसते, आणि ही शिकवण ज्या जागी मिळाली त्या जागेशी बांधलेली असते. शंभर ग्राहकांचे नकार पचवलेला माणूस गुंतवणूकदारासमोर पुन्हा थरथरतो तो यामुळेच. तो कच्चा पडलेला नसतो, तिथला सराव त्यानं अजून केलेला नसतो.

आतापर्यंतचं सगळं एकट्या माणसाच्या हातातलं होतं. पण पणाला काय लागतं, हे बऱ्याच अंशी कायदा ठरवतो. अमेरिकेत दिवाळखोरीत राहतं घर किती वाचतं हे राज्यागणिक बदलतं. वेई फान आणि मिशेल व्हाइट यांनी 2003 मध्ये दाखवलं की ज्या राज्यांत घराला अमर्याद संरक्षण आहे, तिथल्या घरमालकांचा स्वतःचा व्यवसाय असण्याची शक्यता, कमी संरक्षण असलेल्या राज्यांपेक्षा सुमारे 35 टक्क्यांनी जास्त होती.

फ्रान्सनं तर 2002 च्या सुमारास बेकारी भत्त्याचे नियमच बदलले. धंदा सुरू करणाऱ्या बेकाराचा भत्त्यावरचा हक्क सुटणार नाही आणि धंदा बसला तर त्याला परत भत्त्यावर येता येईल, अशी सोय केली. लोकांना आयतं पाठबळ मिळालं की कोणीही उठून दुकान थाटेल आणि महिन्याभरात गुंडाळेल, ही शंका रास्तच होती. योहान ओंबेर आणि सहकाऱ्यांनी तिची तपासणी केली. नव्या कंपन्यांची संख्या बरीच वाढली होती. सुरुवातीला त्या आकारानं लहान होत्या, पण टिकण्यात, वाढण्यात आणि उत्पादकतेत आधीच्या नव्या कंपन्यांच्या तोडीच्या निघाल्या. जुन्या कंपन्यांतले काही रोजगार त्यांनी ओढून घेतले, हेही खरं. मात्र ज्या कंपन्यांकडून ते घेतले, त्यांच्यापेक्षा या नवख्यांचं काम सरस होतं.