गर्द सुटल्यानंतरचे पहिले पंधरा दिवस

दारू सोडलेला माणूस महिनाभर उपचार घेऊन घरी जातो आणि पुन्हा पितो. घरात भांडणं होतात, कामावरचे खाडे वाढतात, काही महिन्यांनी त्याला पुन्हा दाखल करावं लागतं. गर्द, म्हणजे ब्राउन शुगर किंवा अशुद्ध हेरॉइन, सोडलेला माणूस महिनाभराने घरी जातो आणि एका संध्याकाळी जुन्या दोस्तांसोबत पूर्वीइतकाच डोस टोचून घेतो. तो सकाळपर्यंत जिवंत असेलच असं नाही. व्यसनमुक्ती केंद्रातल्या प्रत्येक समुपदेशकाला हा फरक तोंडपाठ असायला हवा. पण आपल्याकडे बहुतेक समुपदेशक दारूच्या रुग्णांवर काम करत तयार झाले. तेच शिक्षण गर्दच्या रुग्णाला जसंच्या तसं लावलं की जिवावर बेततं.

अफू, गर्द, मॉर्फिन, खोकल्याच्या औषधातलं कोडीन, ट्रॅमाडॉल आणि टॅपेंटाडॉलसारख्या वेदनाशामक गोळ्या ही सगळी ओपिऑइड कुटुंबातली मंडळी. २०१९ साली जाहीर झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार देशात सुमारे २ कोटी २६ लाख लोक यांपैकी काही ना काही घेतात, आणि त्यातल्या ७७ लाखांना मदतीची गरज आहे. ज्या मोजक्या राज्यांत असे रुग्ण सर्वाधिक आहेत, त्यांत महाराष्ट्रही आहे.

आपल्या मेंदूत या पदार्थांसाठी ग्राहकरेणू, म्हणजे ते जिथे चिकटून परिणाम करतात त्या जागा आहेत, हे १९७३ मध्ये प्रयोगशाळेत दाखवलं गेलं. दोनच वर्षांनी स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनमध्ये ह्यूज आणि कॉस्टरलिट्झ यांनी एन्केफॅलिन शोधून काढलं. शरीर स्वतःच बनवतं ते वेदनाशामक. म्हणजे गर्द मेंदूत शिरते ती आयत्या व्यवस्थेत. यातला ‘म्यू’ नावाचा ग्राहकरेणू वेदना दाबतो, सुखाची लाट आणतो आणि मेंदूच्या देठातल्या श्वासाच्या केंद्रालाही मंदावतो. पदार्थ रोज मिळू लागला की चेतापेशी त्याच्याशी जुळवून घेतात. त्याच डोसाचा परिणाम कमी होत जातो आणि डोस वाढवावा लागतो. मुरलेला गर्दुल्ला जेवढा डोस पचवतो, तेवढ्याने नवख्याचा श्वास थांबेल.

डोस चुकला की उलटा प्रकार होतो. मेंदूच्या याच देठात लोकस सेरुलियस नावाचा पेशींचा लहानसा पुंजका आहे. गर्दने त्याला रोज दाबून ठेवलेलं असतं. दाब निघताच तो उसळतो आणि शरीरात नॉरॲड्रिनॅलिन या शरीराला खडबडून जागं करणाऱ्या रसायनाचा पूर येतो. नाक-डोळे गळतात, अंगावर काटा येतो, हाडं ठणकतात, जुलाब लागतात, रात्रभर पाय झाडले जातात. रुग्ण आपसांत याला ‘टर्की’ म्हणतात. टर्की भयंकर असते, पण धडधाकट माणसाचा जीव ती सहसा घेत नाही. आठ-दहा दिवसांत ती ओसरते. रुग्ण जेवू लागतो, वजन वाढतं, चेहरा उजळतो. घरच्यांना वाटतं, सुटलो.

याच आठ-दहा दिवसांत शरीराची सहनशक्तीही उतरलेली असते. तलफ मात्र जागीच असते.

लंडनच्या संशोधकांनी केंद्रात दाखल होऊन डिटॉक्स, म्हणजे नशा बंद करून टर्की पार पाडण्याचा उपचार, घेतलेल्या १३७ रुग्णांचा वर्षभर मागोवा घेतला आणि २००३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. अतिमात्रेने (ओव्हरडोसने) तिघे दगावले, तेही चार महिन्यांच्या आत. तिघेही उपचार ‘यशस्वीपणे’ पूर्ण केलेल्या ३७ जणांमधले होते. जे ५७ जण डिटॉक्स अर्धवट सोडून गेले, म्हणजे ज्यांना आपण हाताबाहेरची केस म्हणतो, त्यांच्यातला एकही मेला नाही. आकडे लहान आहेत, पण तुरुंगातून सुटलेल्यांचा मोठा अभ्यास हीच दिशा दाखवतो. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात ३०,२३७ सुटलेल्या कैद्यांची नोंद तपासली गेली. सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत अतिमात्रेने मरण्याचा त्यांचा धोका सर्वसामान्य लोकांच्या १२९ पट निघाला.

यात आणखी एक गुंतागुंत आहे. कॅनडातल्या शेपर्ड सीगल यांचा १९८२चा प्रयोग प्रत्येक समुपदेशकाला शिकवला जावा असं मला मनापासून वाटतं. उंदरांना एका ठरावीक खोलीत हेरॉइनचे वाढते डोस देऊन सरावलं गेलं. मग सगळ्यांना एकदम मोठा डोस दिला. आधी कधीच हेरॉइन न मिळालेल्या उंदरांपैकी सुमारे ९६ टक्के मेले. सरावलेल्यांना ओळखीच्या खोलीत तो डोस दिला तेव्हा ३२ टक्के मेले. त्यांच्याचसारख्या सरावलेल्या उंदरांना अनोळखी खोलीत दिला तेव्हा मात्र ६४ टक्के. डोस तोच, सराव तोच, फक्त जागा बदलली. ओळखीचा परिसर दिसताच शरीर येणाऱ्या विषाची आगाऊ तयारी करतं, म्हणजे सहनशक्तीचा एक भाग जागेलाच बांधलेला असतो. म्हणून ‘नेहमीच्या अड्ड्यावर जाऊ नको’ एवढं सांगून भागत नाही. नव्या गावात, लॉजच्या खोलीत, एकट्याने घेतलेला डोस जास्त घातक ठरू शकतो, हेही सांगावं लागतं. हे बोलल्याने आपण त्याला नशेची वाट दाखवतो, अशी भीती अनेकांना वाटते. न बोलण्याची किंमत जास्त आहे.

आता गोळीकडे येऊ. ब्युप्रेनॉर्फिन हे गर्दऐवजी रोज देण्याचं ओपिऑइड औषध. त्याचं नाव काढलं की केंद्रांमध्ये पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते: ‘एक नशा काढून दुसरी लावायची?’ प्रश्न प्रामाणिक आहे, त्याचं उत्तर नीट द्यायला हवं. ब्युप्रेनॉर्फिन म्यू ग्राहकरेणूला गर्दपेक्षा कितीतरी घट्ट चिकटतं, पण त्याला अर्धवटच चेतवतं. तलफ आणि टर्की शमवण्यापुरता परिणाम होतो. डोस वाढवत नेला तरी श्वासावरचा परिणाम एका मर्यादेपलीकडे जात नाही. लोकलमध्ये एखाद्याने सीट धरून ठेवली की मागून आलेल्याला उभंच राहावं लागतं, तसं वर कोणी गर्द घेतलीच तर तिला बसायला जागा मिळत नाही. गोळीचा असर दिवसभर टिकतो, म्हणून माणूस तासातासाला चढ-उतार न भोगता कामावर जाऊ शकतो.

स्टॉकहोमच्या संशोधकांनी २००३ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक चाचणी प्रसिद्ध केली. हेरॉइनचे ४० रुग्ण, २०-२० चे दोन गट. एका गटाला वर्षभर रोज १६ मिलिग्रॅम ब्युप्रेनॉर्फिन. दुसऱ्याला तेच औषध सहा दिवसांत उतरवत आणून पुढे दिसायला तशीच, पण औषध नसलेली गोळी. समुपदेशन दोन्ही गटांना सारखंच होतं: गटचर्चा, दर आठवड्याला वैयक्तिक बैठक, लघवीची तपासणी. वर्षअखेर पहिल्या गटातले ७५ टक्के उपचारात टिकून होते. दुसऱ्या गटातला एकही उरला नव्हता आणि त्या वीसपैकी चौघे मरण पावले होते. पहिल्या गटात मृत्यू शून्य. चांगलं समुपदेशन मिळूनही चौघे गेले, हे आपल्या क्षेत्राने पचवायला हवं.

मेथाडोन या दुसऱ्या औषधाचा उपचार न्यूयॉर्कमध्ये १९६०च्या दशकात डोल आणि निस्वाँडर यांनी सुरू केला. २००५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ही दोन्ही औषधं आपल्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातली. फ्रान्सने १९९५च्या सुमारास साध्या फॅमिली डॉक्टरांना ब्युप्रेनॉर्फिन लिहायची मुभा दिली, तेव्हा चार वर्षांत अतिमात्रेचे मृत्यू ७९ टक्क्यांनी घटले. आपल्याकडे मुंबईसारख्या शहरांत नॅकोची, म्हणजे राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेची, ओएसटी केंद्रं (नशेऐवजी असं औषध देणारी केंद्रं) आहेत. तिथे नर्स गोळीचा चुरा करून रुग्णाच्या जिभेखाली ठेवते आणि तो पूर्ण विरघळेपर्यंत त्याला समोर बसवून ठेवते. गिळली तर गोळी जवळपास वाया जाते आणि खिशात गेली तर ती विकली जाऊ शकते.

औषध किती काळ घ्यायचं? नातेवाईक हे पहिल्याच भेटीत विचारतात आणि समुपदेशक अनेकदा घाईने ‘तीन महिने’ म्हणून मोकळा होतो. अमेरिकेत वेदनाशामक गोळ्यांच्या आहारी गेलेल्या ६५३ रुग्णांच्या चाचणीत, दुसऱ्या टप्प्यात गेलेल्या ३६० जणांपैकी बारा आठवडे औषध चालू असताना निम्म्यांचं छान चाललं होतं. औषध उतरवून आठ आठवडे झाले तेव्हा ८.६ टक्केच उरले. मधुमेहात आपण इन्शुलिनची मुदत ठरवून देत नाही, इथेही देऊ नये. कमी करायचं तर रुग्ण आणि डॉक्टर मिळून, सावकाश, घडी बसल्यावर.

मग समुपदेशकाचं काम काय उरलं? बरंच. फिलाडेल्फियात ९२ माजी सैनिकांना मेथाडोन एकसारखं दिलं, समुपदेशन मात्र तीन पातळ्यांवर. नुसतं औषध मिळालेल्यांपैकी ६९ टक्क्यांना त्या गटातून काढून जास्त मदतीकडे वळवावं लागलं, कारण नशा सुरूच राहिली किंवा प्रकृती ढासळली. नियमित समुपदेशन असलेल्यांत हे प्रमाण ४१ टक्के होतं. त्याच्या जोडीला वैद्यकीय, कौटुंबिक आणि रोजगाराची मदत मिळाली त्यांच्यात १९. पुढच्या काही अभ्यासांत, डॉक्टरांच्या नियमित भेटी असताना जास्तीच्या समुपदेशनाने मोठा फरक पडलेला दिसला नाही, हेही मान्य करायला हवं. यातून माझ्या मते निघतं ते असं की समुपदेशक नाही म्हणून कुणाची गोळी अडवू नये, आणि गोळी आहे म्हणून घर, काम, कर्ज, नैराश्य यांच्याकडे काणाडोळा करू नये.

रोजच्या कामात बारीकसारीक गोष्टी माहीत असाव्या लागतात. पहिली गोळी घाईने दिली तर ब्युप्रेनॉर्फिन ग्राहकरेणूंवरून गर्दला हुसकावतं आणि रुग्णाला थोड्याच वेळात कडक टर्की लागते. मग तो त्या औषधाचं नाव पुन्हा काढू देत नाही. म्हणून जांभया, गळणारं नाक, वाढलेली नाडी, मोठ्या झालेल्या बाहुल्या यांचे गुण मांडून, टर्की नीट सुरू झाल्यावरच पहिला डोस देतात. ‘अजून दोन तास थांब’ हे समजावणारा समुपदेशकच असतो. दारू किंवा झोपेच्या गोळ्या सोबत घेतल्या तर ब्युप्रेनॉर्फिनवरही श्वास थांबू शकतो. गरोदर बाईची गर्द एकाएकी बंद करायची नसते. तिला औषधावर ठेवणंच बाळासाठी सुरक्षित असतं.

महाराष्ट्रात या कामाची परंपरा मोठी आहे. गर्दने पुण्या-मुंबईतली तरुण पोरं गिळायला सुरुवात केली, तेव्हा १९८६ मध्ये डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र उभं केलं. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे त्यांच्या पाठीशी उभे राहिले. आज अनेक केंद्रांत स्वतः व्यसनातून बाहेर पडलेली माणसं समुपदेशक आहेत. रात्री तीन वाजता टर्कीत तळमळणाऱ्या पोराजवळ बसायचं बळ त्यांच्याकडे असतं, ते पुस्तकातून येत नाही. पण आपण ज्या वाटेने बाहेर आलो तीच एक खरी वाट, असं त्यांना वाटणंही स्वाभाविक आहे. कुणी निव्वळ व्यसनमुक्तांच्या मीटिंग आणि त्यांच्या बारा पायऱ्यांच्या कार्यक्रमावर क्लीन (नशेविना) राहिला असेल, तर गोळी घेणारा त्याला अर्धवट सुधारलेला वाटतो. तो तसं बोलून दाखवतो, रुग्ण लाजून गोळी सोडतो, आणि पुढचं वर लिहिलंच आहे.

म्हणून सेवेतल्या समुपदेशकांचं शिक्षण थांबता कामा नये. अमेरिकेत परवाना टिकवायचा तर त्यांना ठरावीक तासांचं नवं प्रशिक्षण दाखवावं लागतं. आपल्याकडे केंद्रातल्या समुपदेशकांसाठी अशी सक्ती रुळलेली नाही. कार्यशाळा होतात, पण जायचं की नाही हे संस्थेच्या सवडीवर. मला वाटतं, अशा प्रशिक्षणाचा एक अख्खा दिवस डिस्चार्जच्या संभाषणाला द्यावा. जोड्या करून सराव घ्यावा: एकाने रुग्ण व्हायचं, दुसऱ्याने त्याला आणि त्याच्या आईला सांगायचं की पूर्वीचा डोस आता झेपणार नाही, स्लिप झालीच, म्हणजे पुन्हा घेतलीच, तर एकट्याने घेऊ नको, लपवू नको, दुसऱ्या दिवशी इथे ये. आईला श्वास मोजायला शिकवायचं. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, ओठ निळसर, हाक मारून जाग येत नाही, श्वास मिनिटाला आठ-दहाच्या खाली, की आंघोळ घालत किंवा मीठपाणी पाजत बसायचं नाही. कुशीवर वळवायचं, १०८ ला फोन करायचा आणि काय घेतलं ते डॉक्टरांना सरळ सांगायचं. नॅलॉक्सोन या ओपिऑइडवरच्या उताऱ्याच्या इंजेक्शनने दोन-तीन मिनिटांत श्वास परत येऊ शकतो. पण त्याचा असर गर्दच्या आधीही उतरू शकतो, म्हणून शुद्धीवर आल्यावरही काही तास इस्पितळातच थांबवायचं. १४४४६ हा व्यसनमुक्तीसाठीचा राष्ट्रीय मदत क्रमांक मोफत आहे. तो डिस्चार्जच्या कागदावर मोठ्या अक्षरात छापायचा आणि आईच्या फोनमध्ये तिथेच सेव्ह करून द्यायचा.