पाय नसलेला पक्षी : एपस तारकासमूहाची कूळकथा

दक्षिण ध्रुवाजवळचा एपस हा तारकासमूह फारच फिकट आहे. त्यातला सर्वांत तेजस्वी तारासुद्धा ३.८ प्रतीचा (प्रतीचा आकडा जितका मोठा, तितका तारा मंद). मुंबईच्या १९ अंश अक्षांशावरून आकाशाच्या विषुववृत्तापासून ७१ अंश दक्षिणेपलीकडचे तारे उगवतच नाहीत आणि एपसचे ठळक तारे आहेत ७७ ते ७९ अंशांवर. त्यामुळे आपल्याकडून त्याचं दर्शन नाही. प्राचीन खगोलज्ञ टॉलेमीच्या ४८ तारकासमूहांतही तो नाही.

एपस म्हणजे न्यू गिनीच्या जंगलातला स्वर्गपक्षी. तिथले शिकारी त्याचे पाय, बरेचदा पंखही, छाटत आणि कातडं धुरावर सुकवत. मागणी पिसाऱ्याला होती, पायांना विचारतो कोण? आजच्या इंडोनेशियातल्या मोलुक्का बेटांवर त्याला म्हणत ‘बुरुंग देवाता’, देवाचा पक्षी. ही ‘देवाता’ म्हणजे आपलीच देवता. शब्द संस्कृतातूनच तिकडे गेला. १५२२ मध्ये मॅगेलनच्या मोहिमेतलं उरलेलं एकमेव जहाज अशी कातडी घेऊन स्पेनला पोहोचलं. मोहिमेचा बखरकार पिगाफेट्टा याने पक्ष्याच्या बारीक पायांचं वर्णन स्पष्ट लिहून ठेवलं होतं. तरीही युरोपात समजूत रुजली ती दुसरीच: याला पायच नाहीत, हा जन्मभर हवेत तरंगतो, जमिनीवर येतो तो मेल्यावरच.

१५९५ मध्ये डच जहाजं मसाल्यासाठी जावाकडे निघाली. अॅमस्टरडॅमचा नकाशाकार पेट्रुस प्लांसियुस याने खलाशी पीटर कायसर याला दक्षिणेचे तारे मोजायला शिकवून पाठवलं होतं. कायसर १५९६ मध्ये जावातच वारला. मोहिमेतली दोन तृतीयांश माणसं परतलीच नाहीत. कायसरची मोजमापं मात्र अॅमस्टरडॅमला पोहोचली. मला या साऱ्या हकिकतीत हा माणूस सर्वांत मोठा वाटतो. त्याच्या आणि सहकारी फ्रेडरिक द हाउटमनच्या नोंदींवरून प्लांसियुसने १२ नवे तारकासमूह रचले आणि १५९८ च्या सुमारास खगोलावर, म्हणजे आकाशाच्या गोलावर, छापले. एपस त्यातलाच.

गोलावर नाव पडलं ‘आपिस इंडिका’. लॅटिनमध्ये ‘आपिस’ म्हणजे मधमाशी. पक्ष्याला शब्द ‘आविस’. एका अक्षराची चूक! जर्मन नकाशाकार बायरच्या १६०३ च्या तारानकाशातही ती तशीच उतरली, आणि शेजारच्या समूहाचं नावही मधमाशीच. पुढे ग्रीक ‘आपूस’वरून एपस हे नाव रूढ झालं. आपूस म्हणजे अपाद, पाय नसलेला. १७५८ मध्ये सजीवांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसनेही मोठ्या स्वर्गपक्ष्याच्या जातीला ‘अपोडा’ म्हटलं. अर्थ तोच. ते शास्त्रीय नाव आजही चालू आहे आणि एपस आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाच्या ८८ तारकासमूहांत आहे.