दुहेरी परिणामाचे तत्त्व

एकाच कृतीतून इष्ट आणि अनिष्ट असे दोन्ही परिणाम होणार असतील, तर ती करावी की टाळावी हे ठरवण्याची कॅथलिक नीतिशास्त्रातील कसोटी. तिचे मूळ संत थॉमस अक्वायनस यांनी १३व्या शतकात केलेल्या स्वसंरक्षणाच्या चर्चेत सापडते. जीव वाचवताना हल्लेखोर मेला तर दोष लागत नाही, पण गरजेपेक्षा जास्त बळ वापरले तर लागतो, असे ते म्हणतात. आजच्या चार अटी १९व्या शतकात जेझुइट या कॅथलिक धर्मसंघातील फ्रेंच धर्मगुरू ग्युरी यांच्या पाठ्यपुस्तकामुळे रूढ झाल्या.

कृती मुळात वाईट नसावी. हेतू चांगल्या परिणामाचाच असावा. वाईट परिणाम हे चांगल्याचे साधन नसावे. आणि नुकसान पत्करण्याइतके भक्कम कारण असावे. सर्वाधिक खल तिसऱ्या अटीवर होतो. सुक्याबरोबर ओलेही जळते हे खरे. पण ओले ओघात जळाले, की सुके पेटावे म्हणून मुद्दाम ओल्यालाच काडी लावली?

बेळगाव धर्मप्रांतात (स्थापना १९५३) कोकणी, मराठी आणि कन्नड बोलणारे कॅथलिक आहेत. हे तत्त्व मराठीतून समजावताना एक शब्द आडवा येतो: ‘जाणूनबुजून’. परिणाम आधी ठाऊक असणे आणि तो हवा असणे, या दोन्ही गोष्टी तो एकाच गाठोड्यात बांधतो. तत्त्वाचा सारा डोलारा मात्र त्या वेगळ्या करण्यावर उभा आहे.

तरीही हेतू साफ असला की सुटलो, असे नाही. खानापूर तालुक्यात जंगलालगत भातात रानडुकरे शिरतात. समजा, एखाद्याने कुंपणाच्या तारेत थेट लाइनचा करंट सोडला आणि रात्री मोटार चालू करायला निघालेला शेजारी त्यावर गेला. “मी डुकरांसाठी लावली होती” हे म्हणणे खरे असेल. शेजाऱ्याचा मृत्यू ना हेतू होता, ना साधन. पण चार पोती भातासाठी माणसाचा जीव धोक्यात घालणे चौथ्या अटीत बसत नाही. (कायद्याने तो गुन्हा आहे, ते वेगळेच.)

वैद्यकात हे तत्त्व रोज लागते. वेदनाशामकाने आयुष्य थोडे घटण्याची शक्यता असली, तरी वेदना शमवण्यासाठी दुसरा उपाय नसेल तर ते देता येते, असे पोप बारावे पायस यांनी १९५७ मध्ये सांगितले. गर्भवतीच्या गर्भाशयाला कर्करोग झाल्यास गर्भाशय काढणे मान्य. थेट गर्भपात अमान्य. गर्भ गर्भाशयाऐवजी बीजवाहक नलिकेत रुजल्यास नलिकेचा बाधित भाग काढणे बहुतेक कॅथलिक नीतिज्ञ स्वीकारतात, पण मेथोट्रेक्सेट हे गर्भाची वाढ थांबवणारे औषध देण्यावरून त्यांच्यात अजून एकमत नाही.